गेनचा स्क्रू आणि फाटलेला बेस

गाडीतल्या सबवूफरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘गेन’ नावाचा एक छोटा स्क्रू असतो. त्याभोवती बहुधा ०.२ ते ६ व्होल्ट असे आकडे छापलेले असतात आणि स्क्रूचे काम काय ते या आकड्यांतूनच कळते. डेककडून किती व्होल्टचा सिग्नल आला की अ‍ॅम्प्लिफायरने पूर्ण शक्ती द्यायची, एवढेच तो ठरवतो. डेक ४ व्होल्ट देणारा असेल आणि स्क्रू ०.२ कडे टेकवलेला असेल, तर डेकचा आवाज अर्ध्यावर येण्याच्या कितीतरी आधी अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपते. तरीही दुकानात आणि घरी हा स्क्रू आवाजाचे बटण म्हणूनच फिरवला जातो.

ताकद संपल्यावर अ‍ॅम्प्लिफायर बंद पडत नाही. लाटेचा जो भाग त्याच्या व्होल्टेजच्या मर्यादेबाहेर जातो, तो सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. बोलीत ‘आवाज फाटला’. लाट जितकी कापली जाईल तितकी तिची वाटचाल चौकोनी आकाराकडे होते, आणि तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा चौकोनी लाटेत दुप्पट शक्ती असते. ही जादा शक्ती वूफरच्या कॉइलमध्ये मुख्यतः उष्णता होऊन साचते. क्लिपिंगमुळे डीसी करंट जाऊन वूफर जळतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. कॉइल जळते ती उष्णतेने.

प्रस्तुत लेखकाच्या गाडीत हेच घडले. डिकीत ४ ओहमचा १२ इंची वूफर होता, क्षमता ३०० वॉट; अ‍ॅम्प्लिफायरही ४ ओहमला ३०० वॉट देणारा. जोडी योग्य होती, पण गेन लावला गेला तो कानाने. बसवणाऱ्याने ढोल-ताशाचे ध्वनिमुद्रण लावून मागची काच थरथरेपर्यंत स्क्रू फिरवला आणि बेस बूस्टही शेवटपर्यंत नेला. त्या दिवशी आवाज सगळ्यांना आवडला. काही आठवड्यांनी, लांबच्या प्रवासात, डिकीतून वार्निश जळल्यासारखा वास आला आणि बेस बंद झाला. वूफर उतरवून कोन हाताने दाबला तर आत घासल्याची खरखर येत होती. कॉइल काळी पडली होती.

कान इथे फसतो, आणि यात बसवणाऱ्याचा दोष लोक समजतात तितका नाही. गाण्यातला गळा फाटला तर लगेच कळते. ४० हर्ट्झचा बेस फाटला तर त्यातून ८० किंवा १२० हर्ट्झचे जे जादा सूर निघतात, ते ऐकणाऱ्याला बेस भरदार झाल्यासारखे वाटतात. त्यातच डिकीचे झाकण आणि नंबर प्लेट वाजत असतात. म्हणून गेन मोजूनच लावावा लागतो.

मोजणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. वॉट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की अपेक्षित व्होल्टेज मिळते. ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, त्याचे वर्गमूळ सुमारे ३४.६ व्होल्ट. दोन कॉइलच्या वूफरमध्ये जोडणीनंतरचा ओहम धरायचा: ४-४ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या तर २, एकामागे एक जोडल्या तर ८. वॉटचा आकडा अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर यांपैकी जो लहान असेल त्याचा, आणि तोही आरएमएस घ्यायचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘मॅक्स’चा आकडा या हिशेबात धरू नये.

नवी कॉइल बसल्यावर लेखकाने हे काम स्वतः केले. आधी डेकवरचा इक्वलायझर सपाट केला. लाउडनेस आणि बेस बूस्ट बंद. ४५ हर्ट्झला १२ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या जागी १६ पट शक्तीची मागणी, आणि ती पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर गाडीत नसतो. लो-पास फिल्टर ८० हर्ट्झवर ठेवला. वूफरच्या तारा सोडवल्या, इंजिन चालू ठेवले, कारण तेव्हा बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट असतात. मग गेन अगदी खाली नेऊन ५० हर्ट्झचा ० डेसिबलचा सूर लावला. डेकचा आवाज ४० पैकी ३२ वर ठेवला; त्याच्या वर काही डेक स्वतःच लाट कापू लागतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्क्रू हळूहळू फिरवला आणि ३४.६ ला थांबवला. स्क्रू पाव फेरीच्या थोडाच पुढे होता. कुतूहल म्हणून तो बसवणाऱ्याच्या जुन्या खुणेपर्यंत नेला, तेव्हा मीटरने ४५ व्होल्ट दाखवले. ४ ओहमवर हिशेब केला तर हे ५०० वॉटच्या वर जाते. वूफर जोडलेला असताना आकडा काहीसा कमी भरला असता, तरी ३०० वॉटच्या कॉइलला तोही जड होता.

मीटर व्होल्ट सांगतो, लाटेचा आकार सांगत नाही. अ‍ॅम्प्लिफायर छापील वॉटपर्यंत पोचतच नसेल, तर अपेक्षित आकडा येण्याआधीच लाट कापलेली असू शकते. ही शंका ऑसिलोस्कोपने फिटते: शेंडे सपाट होऊ लागले की स्क्रू किंचित मागे घ्यायचा. हातात मावणारे स्कोप मिळतात, आणि शक्य असेल तिथे तोच मार्ग अधिक खात्रीचा.

काही जण ० ऐवजी उणे ५ डेसिबलचा सूर वापरतात, कारण गाण्यात बेस क्वचितच पूर्ण उंचीला पोचतो. अशाने आवाज वाढतो, पण भारी बेसच्या ध्वनिमुद्रणात लाट कापली जाण्याची शक्यताही वाढते. लेखकाने ० वरच राहणे पसंत केले. जुन्या चित्रपटगीतांत ४० हर्ट्झच्या आसपास फारसे काही नसतेच. गेन वाढवून ते येत नाही.

त्या दिवशी स्क्रूच्या खाचेसमोर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. डेक, वूफर किंवा जोडणी बदलली तर मोजणी पुन्हा करावी लागते. एरवी त्या स्क्रूला हात लावू नये. ज्यांच्या गाडीत गेन कानाने लावलेला आहे, त्यांनी येत्या सुट्टीच्या दिवशी वूफरच्या तारा सोडवून एकदा मीटर लावून पाहावा.