वरचं लोखंड

चाळीस वर्षं इमारतींचे नकाशे काढणाऱ्या अमरावतीच्या या ड्राफ्ट्समनचा हात आता थरथरतो. रॉट्रिंगचं पेन कधीच सुटलं, माउसही ऐकत नाही. गेल्या पावसाळ्यापासून ते सांगतात आणि आयटीआयतून आलेली एक मुलगी ऑटोकॅडवर काढते. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "काका, छज्ज्याचं लोखंड तुटक रेघेनं कशाला? ते तर वर असतं!"

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं तिनं.

छज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला, हे कोणी कोणाला शिकवत नाही. पण नकाशा वरून पाहिलेला. त्यात वर-खाली दिसावं कसं? कुणी खालचं लोखंड अखंड रेघेनं दाखवतं नि वरचं तुटक, तर शेजारच्या ऑफिसात बरोबर उलट. अकोल्याच्या एका साइटवर फिटरनं विचारलं होतं, "तुटक रेघ मंजे तुकडे जोडाचे का जी?" काका हसले. स्लॅबच्या आदल्या दिवशी जाऊन बघतात तर सळया खरोखरच तुकड्यांनी बांधलेल्या. फिटरवर ओरडले, पण रात्री झोप लागली नाही. रेघ त्यांचीच होती.

तेव्हापासून वरचं लोखंड वरच राहावं, हाच ध्यास. पाच इंची स्लॅबात वरची सळई मजुरांच्या पायाखाली इंचभर दबली, तरी छज्ज्याची जवळपास पाव ताकद जाते. म्हणून आधाराच्या खुर्च्या न दाखवणाऱ्या नकाशावर ते चिडतात. बाहेरून आणलेल्या तयार डिटेलवर तर जास्तच. त्यात १२ एमएम लिहिलेलं, इथला फिटर म्हणतो चार सूत. शिवाय मिस्त्री नकाशा मोबाइलवर बघणार. त्या काचेवर १:१०० ला काय अर्थ?

दर्यापूरकडचं काम असलं, की ‘खाऱ्या बोअरचं पाणी काँक्रीटला नको’ हे ते कागदाच्या मधोमध लिहायला लावतात. खारपाणपट्टाच तो. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, असं आयएस ४५६ सांगतं. पण कोपऱ्यातली टीप साइटवर वाचतो कोण?

मुलीनं छज्ज्याच्या तुटक रेघा पुसल्या. बाजूला १:१० चा मोठा छेद काढला, बाण दिला आणि लिहिलं, ‘हे लोखंड वर.’ काका ओशाळले. सुबक अक्षरांच्या कौतुकात एवढी साधी गोष्ट राहून गेली, हे त्यांनी तिच्यासमोरच कबूल केलं.

उत्तर दिशेचा नक्षीदार बाण मात्र ते अजून प्रिंटवर स्वतः, थरथरत्या हातानं काढतात. फिटरला त्याचा काडीचा उपयोग नाही.