आधी विहीर, मग घर

बाबांना रिटायरमेंटनंतर कोकणात राहायचंय. म्हणून श्रावणात राजापूरजवळ एक घर बघायला गेलो. जांभ्याचं घर, पुढे पडवी, मागे आठ कलमं. बाबा बघताक्षणीच विरघळले. विहीर तर काठोकाठ! "बारमाही आहे," मालक म्हणाले.

शेजारच्या काकूंना मी सहज विचारलं, "मे महिन्यात पाणी कुठून भरता?" काकू हसल्या. "टँकर येतो की!" जांभा तसाच. पावसाचं पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडूनही देतो.

मग आमच्यातला टेस्टिंगवाला जागा झाला. संडासाची टाकी कुठेय? टाकीतलं पाणी जिरतं तो शोषखड्डा? मालकांनी परसाकडे बोट दाखवलं. पावलांनी मोजलं, विहिरीपासून जेमतेम २५ फूट, आणि तोही विहिरीच्या वरच्या अंगाला. खरं तर निदान ५० फूट लांब हवा आणि उताराला हवा. पाणी दिसायला अगदी काचेसारखं. तरी लॅबला दिलं. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही चालत नाही. रिपोर्टात निघाले.

बाबा दोन दिवस गप्प. शेवटी म्हणाले, "आमचे अण्णा जन्मभर विहिरीचंच पाणी प्यायले."

"हो, पण अण्णांच्या विहिरीशेजारी शोषखड्डा नव्हता ना, बाबा!"

यावर ते काही बोलले नाहीत. काल मात्र स्वतःहूनच म्हणाले, "पुढचं घर मे महिन्यात बघू. आणि मोजायची टेप घे बरोबर."

असो. शोध चालू आहे.