बोधिवृक्षाच्या सावलीत

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष निवांत पाहणे होत नाही. म्हणून गेल्या मार्चमध्ये आम्ही आडदिवस निवडून सहकुटुंब नागपूरला गेलो.

14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली ती ही भूमी. येथील पिंपळ अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचा वंशज. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्याच्या फांद्या श्रीलंकेहून आणल्या. आणि अनुराधपूरचा वृक्ष म्हणजे सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बुद्धगयेहून नेलेली फांदी!

"पप्पा, आठवण म्हणून एक पान तोडू?" मुलीने विचारले. आम्ही म्हटले, "येणाऱ्या प्रत्येकाने एकेक तोडले तर झाडाने काय करावे? मोबाईल घे, फोटो काढ."

पहिले चार फोटो हलले. पिंपळाचा देठ लांब आणि लवचिक, त्यामुळे जराशा वाऱ्यानेही पान थरथरते. वारा थांबेपर्यंत श्वास रोखून उभे राहावे लागते. मग पानामागे सूर्य धरला आणि शिरांचे जाळे उजळले. बाजूच्या शिरा कडेपर्यंत जाऊन एकमेकींना मिळतात, हे इतकी वर्षे पिंपळ पाहूनही आम्हाला ठाऊक नव्हते. टोकाची लांब शेपटी पावसाचे पाणी निथळून टाकते. कोवळी पालवी तांबूस. देठाच्या बगलेत फळांची जोडी, आणि फुले त्या फळाच्या आतच. चिलटाएवढी गांधीलमाशी आत शिरून परागीकरण करते. मुंजा वगैरे कुठे दिसला नाही!

आई मात्र गप्प होती. फोटोसाठी सावलीत बस म्हटले तर आधी इकडेतिकडे पाहू लागली. मग म्हणाली, "बाबा, आपल्या गावच्या पिंपळाला पार होता. तुझा आजा उन्हातान्हातून यायचा, पण पारावर टेकायची सोय नव्हती. लांबूनच सावली बघायची."

आमच्या मुलीने मोबाईल खाली केला. आजीचा हात धरून तिला सावलीत बसवले, आणि मग तिच्या सुरकुतलेल्या हाताचा, शेजारी गळालेल्या जाळीदार पानासह, अगदी जवळून फोटो काढला. हातावरच्या शिरा आणि पानावरच्या शिरा!

तो फोटो आता आमच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आहे. बंधू-भगिनींनो, दीक्षाभूमीवर जाल तेव्हा पान तोडू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घटकाभर त्या सावलीत बसवा.