कॉम्प्युटरचा ताप आणि आईची कॅसेट



आजवर इथे मी भालकीच्या आमच्या जुन्या घराबद्दल आणि नोकरीतल्या बदल्यांबद्दल लिहिलं. आज विषय जरा वेगळा आहे, कॉम्प्युटरचा. तरुण मंडळींनी हसू नये आणि माझ्या वयाच्यांनी मध्येच सोडू नये, कारण गोष्ट शेवटी घरातच येऊन थांबते.

मी कॉमर्सचा माणूस. गुलबर्ग्यात शिकलो, पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची, कारण तेव्हा गुलबर्ग्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते १९८० मध्ये झालं. १९७३ ला बँकेत चिकटलो. लेजर, डे-बुक, रोजचा ताळमेळ यात निम्मं आयुष्य गेलं. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ ला आला आणि त्यानंतर हळूहळू बँकांमध्ये यंत्रं यायला लागली. आमच्या शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आलं तेव्हा त्याच्यासाठी वेगळी काचेची खोली केली. चपला बाहेर काढायच्या, आत एसी. आम्ही मात्र बाहेर मे महिन्यात पंख्याखाली घाम पुसत बसायचो. आमचे एक हेडकॅशियर म्हणायचे, "साहेब, पुढच्या जन्मी मशीन व्हायचं बघा." सह्या घ्यायच्या निमित्ताने त्या खोलीत जाऊन दोन मिनिटं जास्त उभं राहणारे आम्ही सगळेच होतो. पण मशीनला एवढा गारवा कशाला लागतो, हे तेव्हा कुणाला विचारावंसं वाटलं नाही. ते मला पंच्याहत्तरीत कळलं.

मागच्या दिवाळीत पुण्याहून नातू आला होता. इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "आजोबा, तयार कॉम्प्युटर नको, आपण दोघं जोडू." आम्ही दोघं रेल्वेने सिकंदराबादला गेलो. तिथल्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये सुटे भाग घेतले. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, त्याच्या डब्यातच मिळालेला छोटा कूलर, मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट आणि दोन जादा पंखे. घरी हॉलमध्ये शहाबादी फरशीवर चादर पसरून दोन दिवस आम्ही ते जोडत बसलो होतो. पहिल्यांदा स्क्रीन उजळली तेव्हा सौ.नी त्याच्यापुढे हळदकुंकू वाहून नारळ फोडला. नातू फोटो काढत होता.

या खटाटोपाला एक कारण होतं. कपाटात व्हीएचएसच्या सहा कॅसेट पडून होत्या. त्यातली एक धाकट्या भावाच्या लग्नाची, मे १९९१ ची, भालकीतली. आई १९९६ ला गेली. तिचे फोटो आहेत, पण तिचा आवाज त्या एकाच कॅसेटमध्ये आहे. ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची आणि सगळ्या भावंडांना पाठवायची, एवढीच माझी इच्छा होती. नातू गेल्यावर जुना व्हीसीआर दुरुस्त करून आणला, तो जोडायचं छोटं यूएसबी यंत्र मागवलं. यात मार्च उजाडला.

कलबुर्गीत राहणाऱ्यांना सांगायला नको. शरणबसवेश्वरांची जत्रा झाली की ऊन आपलं खरं रूप दाखवतं. बीदर पठारावर आहे, तिथे रात्री तरी जरा हवा लागते. इथे एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या पुढे जातो आणि रात्री भिंती गरम असतात.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी भावाच्या लग्नाची कॅसेट लावली. शहाणपणा असा केला की, आधी उतरवलेल्या एका कॅसेटची फाईल लहान करण्याचं कामही त्याच वेळी मागे चालू ठेवलं. म्हटलं, वेळ वाचेल. वीस मिनिटं नीट गेली. मग चित्र अडखळायला लागलं, सनईचा आवाज तुटायला लागला आणि एकदम स्क्रीन काळी. व्हीसीआर मात्र फिरतच होता. घाईघाईने कॅसेट काढली तर टेपची कड एका जागी चुरगळली होती. माझ्या पोटात गोळा आला. पस्तीस वर्षांची टेप, बुरशी पुसून कशीबशी चालणारी. अजून किती वेळा फिरवता येईल, कोण सांगणार?

नातवाला फोन लावला आणि ताडताड बोललो. "स्वस्तातला कूलर घ्यायला लावलास. मी मोठा घेऊ म्हणत होतो. आता आजीची टेप गेली असती." तो एवढंच म्हणाला, "आजोबा, आधी टेम्परेचर बघा, मग बोलू." आणि गप्प झाला. सौ.नी ऐकलं. म्हणाल्या, "पोराला कशाला बोललात? त्या डब्याला तुम्ही कपाटात कोंडलंय. कोंडल्यावर कुणाचंही डोकं तापंलच की."

खरंच होतं. मी कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं होतं. पुढे दार, मागे फळी. धूळ बसू नये म्हणून दार लावून घ्यायचो.

दुसऱ्या दिवशी जुनी वही काढली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, दोन्हींतला फरक, प्रोसेसरचा वेग. चाचणीसाठी महाभारत मालिका टेप केलेली कॅसेट घेतली. आईच्या कॅसेटला मशीन नीट होईपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरवलं.

दोन दिवस वाचून आणि नातवाला मेसेज करून मला जे समजलं, ते माझ्या भाषेत सांगतो. प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी सगळी शेवटी उष्णताच होते. हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकतात, पण जोर लागला की ८८ वॅटपर्यंत घेतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब हाताला कसा चटका द्यायचा ते आठवा. त्याहून जास्त उष्णता इथे नखाएवढ्या तुकड्यातून निघते. ती नष्ट होत नाही, फक्त या खात्यातून त्या खात्यात जाते. प्रोसेसरमधून पेस्टमध्ये, पेस्टमधून कूलरच्या ॲल्युमिनियममध्ये, तिथून पंख्याच्या हवेत, हवेतून कॅबिनेटबाहेर आणि शेवटी खोलीत. मध्ये एका जागी जरी नोंद अडकली, तरी सगळी थकबाकी मागे साचते.

आणि खोलीचं तापमान ही आरंभीची शिल्लक. पंख्याने कितीही वारा घातला तरी प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होत नाही. खोली ३९ असेल तर हिशोब ३९ पासून सुरू. पुण्यातल्या नातवाच्या खोलीत तोच कॉम्प्युटर चांगला चालला असता, त्यात त्याची काय चूक?

मग एकेक खातं तपासायला घेतलं. एका वेळी एकच बदल, हा बँकेचा नियम. चार गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

पहिल्या दिवशी कॅबिनेट कप्प्यातून काढून उघड्यावर ठेवलं, भिंतीपासून वीतभर लांब. खोली ३९, प्रोसेसर ९५. मी निराश झालो. नातू म्हणाला, "आजोबा, वेगाचा रकाना बघा." या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. तिथे पोचला की तो जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. कप्प्यात असताना वेग २.६ गिगाहर्ट्झपर्यंत उतरला होता, बाहेर काढल्यावर तो ३ च्या जवळ आला. म्हणजे आकडा तोच दिसला तरी सुधारणा झाली होती. नुसती शिल्लक बघून खातं कळत नाही, उलाढाल बघावी लागते.

दुसऱ्या दिवशी धूळ. अंगणात नेऊन ब्लोअर मारला. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर वाऱ्याने ती भलत्या वेगाने फिरून बिघडू शकतात. पाच महिन्यांत कूलरच्या पात्यांमध्ये गोधडीसारखा थर बसला होता. मग उदबत्ती पेटवून थोड्या अंतरावर धरली आणि धूर कुठे जातो ते पाहिलं. पुढचा पंखा धूर आत ओढत होता, मागचाही आतच ओढत होता! मागचा आम्ही उलटा बसवला होता. पंख्याच्या कडेला बारीक बाण असतो, तो दोघांनीही पाहिला नव्हता. फिरवून बसवला. आता पुढून गार हवा आत, मागून गरम हवा बाहेर. भालकीच्या आमच्या धाब्याच्या घरात स्वयंपाकघराच्या छताला झरोका होता, धूर आणि धग तिथून वर जायची. काम तेच. वेग आणखी वाढला, पण काटा अजून ९५ वरच.

तिसऱ्या दिवशी कूलर काढायचा होता. त्याची मला भीती वाटत होती. नातू व्हिडिओ कॉलवर होता. त्याने सांगितलं, मशीन आधी थोडा वेळ चालवून कोमट करा, मग बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवत उचला. सरळ ओढला तर घट्ट झालेल्या पेस्टबरोबर प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात.

कूलरला चार स्क्रू. पहिल्याला पेचकस लावला, घट्ट. दुसरा घट्ट, तिसरा घट्ट. चौथा दोन बोटांनीच फिरला.

मंडळी, तो चौथा स्क्रू मी बसवला होता. दिवाळीत नातू चहा घ्यायला आत गेला तेव्हा मी म्हटलं, एवढा मीच पिळतो. आणि मदरबोर्ड तडकेल या भीतीने हात आखडता घेतला. कूलर उचलल्यावर दिसलं, तीन कोपऱ्यांत पेस्ट पातळ पसरली होती आणि चौथ्या कोपऱ्यात जाड तशीच राहिली होती. कूलर तिथे नीट टेकलाच नव्हता.

फोनवर नातवालाही ते दिसलं असणार, पण तो काही बोलला नाही. मीच म्हटलं, "बाळ, ही चूक माझी आहे. मी ती तुझ्या खात्यात टाकली होती. उलट नोंद करून घे." तो हसला. म्हणाला, "आजोबा, पंखा मी उलटा बसवला होता. फिट्टंफाट." पण आमचं नाणं बरोबरीचं नव्हतं. त्याने मला एक शब्दही सुनावला नव्हता.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढली. नवीन किती लावायची? नातू म्हणाला वाटाण्याएवढी. मी म्हटलं, आपल्या भाषेत सांग. शेवटी तुरीच्या दोन दाण्यांएवढी ठरली. कलबुर्गीच्या माणसाला एवढं पुरतं. पेस्ट जास्त लावली की जास्त थंड, असं नाही. धातू आणि धातूच्या मधली बारीक फट भरणं एवढंच तिचं काम. मग स्क्रू तिरके, समोरासमोरचे, थोडे थोडे करत चारही सारखे पिळले.

त्या दुपारी वहीत पहिल्यांदा ९५ च्या खाली आकडा लिहिला. खोली ३९, प्रोसेसर ९१, वेग ४ च्या वर. फरक ५२.

तरी ९१ म्हणजे काठावरच. दुकानदार म्हणाला पाण्याचा कूलर घ्या, शेजारी म्हणाले खोलीला एसी लावा. नातवाने बिनपैशाचा उपाय सांगितला. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसर ६५ ऐवजी ४५ वॅटच्या हिशोबावर आणला. तासाभराच्या चित्रणाची फाईल करायला आठ-दहा मिनिटं जास्त लागायला लागली, पण तापमान ७६ वर आलं. मला कुठे गाडी पकडायची आहे? आणि पहाटे चार वाजता, खोली ३० असताना, तेच ६७.

महाभारताची कॅसेट तीन वेळा न अडखळता उतरली. मग एका पहाटे आंघोळ करून आईची कॅसेट लावली. या वेळी मागे दुसरं काही चालू ठेवलं नाही. चुरगळलेल्या जागी दोन-चार सेकंद रेघा आल्या आणि गेल्या.

मांडवात संध्याकाळची वेळ आहे. त्या काळच्या व्हिडिओवाल्यांचा तो हॅलोजनचा दिवा तुम्हाला आठवत असेल, समोर धरला की माणूस भाजून निघायचा. व्हिडिओवाला बायकांच्या घोळक्यातून फिरत आईपाशी येतो. आई पदराने कपाळ पुसते, डोळ्यांवर हात धरते आणि म्हणते, "आरं ए पोरा, त्यो दिवा तिकडं कर की. गरमीनं जीव जालालाय माझा." पुढे काहीतरी कानडीत शेजारणीला सांगते आणि दोघी हसतात. सगळे मिळून अकरा सेकंद.

सौ. मागे येऊन कधी उभ्या राहिल्या कळलं नाही. आम्ही ते चार वेळा पाहिलं. आता टेप फिरवायची गरज नव्हती.

सकाळी भावंडांना पाठवलं. धाकट्या भावाचा फोन आला, पण तो बराच वेळ बोलूच शकला नाही. नातवालाही पाठवलं. त्याने पणजीला कधी पाहिलेलं नाही. त्याचं उत्तर आलं, "पणजीचा आवाज तुमच्या रागावण्यासारखाच आहे." आणि खाली, "टेम्परेचर?"

मी लिहिलं, "सदुसष्ट. चारही स्क्रू घट्ट."

तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात अशा कॅसेट असतील तर पुढच्या उन्हाळ्याची वाट बघू नका. मशीन बंद कप्प्यात ठेवू नका, एका वेळी एकच काम द्या आणि पहाटे करा. काही अडलं तर मला विचारा, वही अजून जपून ठेवली आहे.

— एक निवृत्त बँक अधिकारी, मूळ भालकी, सध्या कलबुर्गी