वरच्यांची लिली

काही माणसांच्या हाताला गुण असतो. ती गुलाबाची काडी नुसती कुंडीत खोचतात आणि थोड्या दिवसांनी तुमच्यापुढे गुलाब धरतात. माझ्याही हाताला गुण आहे, पण तो उलटा. मुलुंडच्या आमच्या ब्लॉकच्या गॅलरीत मी आजवर तुळस दोनदा, मोगरा तीनदा आणि जे मारणं शक्यच नाही असं जाणकार सांगतात ते मनीप्लँट एकदा, असे बळी घेतलेले आहेत. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या वहिनी दिवाळीनंतर सहा महिन्यांसाठी बेंगळुरूला मुलीकडे जाताना आपलं लाडकं झाड आमच्याकडे ठेवून गेल्या, तो विश्वास माझ्यावरचा नव्हता. तो आमच्या हिच्यावरचा होता. आणि ही चौथ्या दिवशी बहिणीच्या ऑपरेशनसाठी नाशिकला निघून गेली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वरच्यांचं आणि माझं बोलणं बंद होतं. बायकांचं चालू होतं. प्रत्येक युद्धात तहासाठी कोणीतरी बोलतं ठेवावं लागतं. २०१६ च्या पावसाळ्यात आमच्या पॅसेजच्या छताला एक डाग पडला. जूनमध्ये तो श्रीलंकेएवढा होता, ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलिया झाला. मी म्हटलं, पाणी तुमच्या बाथरूममधून येतंय. ते म्हणाले, ओल तुमच्याच भिंतीत आहे. मी सेक्रेटरींना पत्र लिहिलं, प्रत त्यांना. त्यांनी उत्तर लिहिलं, प्रत मला. तीस वर्षं एकमेकांचं विरजण वापरलेली दोन घरं एकाच जिन्यात राहून रजिस्टर पोस्टानं बोलू लागली. त्यांच्या मुलीनं आमच्या मुलीबरोबर दहावीचा सगळा अभ्यास आमच्या जेवणाच्या टेबलावर केलेला. हे झाडही तिनंच पहिल्या पगारातून आईला आणून दिलेलं. नाव काय, तर पीस लिली! शांतीचं झाड. मी ते पॅसेजमध्ये, बरोबर ऑस्ट्रेलियाच्या खाली ठेवलं.

हिला जाऊन तीन दिवस झाले असतील. दुपारची झोप काढून उठलो तर झाडानं मान टाकलेली. मान म्हणजे सगळ्याच माना, एकोणीसच्या एकोणीस. मी घाबरून तांब्याभर पाणी ओतलं आणि समोर पेपर वाचत बसलो. दोन तासांत एकेक पान उभं राहिलं, अगदी शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखं. आयुष्यात पहिल्यांदा एका झाडानं माझं ऐकलं होतं. मग मला चटकच लागली. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. खालची ताटली कायम भरलेली. सासरी आलेल्या जावयाचीसुद्धा इतकी सरबराई होत नसेल.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं पुन्हा मान टाकली. मी पाणी वाढवलं. त्यानं आणखी टाकली. मी आणखी वाढवलं. तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडू लागली आणि ही नाशिकहून परत आली. दारातूनच तिनं कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बोलावं लागत नाही.

मी सुचवलं, तसंच दुसरं झाड आणू. कोणाला कळणार आहे? ही म्हणाली, "अहो, त्या रोज पानं पुसतात ओल्या फडक्यानं. त्यांना पान न् पान पाठ असेल." शिवाय बेंगळुरूहून दर रविवारी फोन होताच. "लिली कशी आहे?" "मजेत!" फोटो मागितला की आमच्या फोनचा कॅमेरा बिघडायचा.

शेवटी चेकनाक्याच्या बाजूला हातगाडीवर रोपं विकतो त्याला एक पान नेऊन दाखवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुम्ही झाडाला पाणी पाजता का पोहायला शिकवता?" मग त्यानं जे सांगितलं ते मला साठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मुळांनाही श्वास लागतो. माती सतत चिंब असली की मुळं कुजतात, आणि कुजलेलं मूळ समोर पाणी असून पिऊ शकत नाही. म्हणून तहानेनंही हे झाड मान टाकतं आणि बुडूनही. चेहरा एकच. "बोट घालायचं मातीत. वरची माती सुकली तर पाणी, नाही तर नुसतं बघून घरी जायचं."

जानेवारीतल्या एका रविवारी जुने पेपर पसरून आम्ही ऑपरेशन केलं. कुंडी उपडी केली तेव्हा जो वास आला त्याचं वर्णन इथे नको. पांढरी, टणक मुळं ठेवायची आणि तपकिरी, बुळबुळीत झालेली कात्रीनं कापायची. पिवळी पानं बुडातून काढायची, कारण ती पुन्हा हिरवी होत नाहीत. कापता कापता गड्डा हातातच दोन तुकड्यांत सुटला. माझ्या छातीत धस्स झालं, पण हिनं सांगितलं की हे असंच वाढवतात. प्रत्येक तुकड्याला स्वतःची मुळं असली की झालं. माती, कोकोपीट, जाड रेती आणि थोडं गांडूळखत अशा मिश्रणात, बुडाला भोकं असलेल्या दोन लहान कुंड्यांत ते दोघे गेले. मोठी कुंडी नको, तिच्यात ओल जास्त दिवस राहते. एकोणीस पानांची चार उरली. प्रत्येक कुंडीत दोन.

यानंतर सल्ल्यांचा पाऊस. केळ्याची साल, अंड्याचं कवच, तांदळाचं धुवण. मी न विचारता चहाचा चोथा घातला, तोही साखरेसकट, आणि मुलुंड पश्चिमेतल्या समस्त मुंग्यांना आमचा पत्ता कळला. रोपवाला म्हणाला, आजाऱ्याला बासुंदी देत नाहीत. नवी मुळं धरेपर्यंत खत बंद.

ठाण्याच्या भाच्यानं वेगळंच सांगितलं. अमेरिकेच्या नासानं १९८९ साली काही घरगुती झाडं हवा शुद्ध करतात असं दाखवलं, त्यांत हेही होतं. माझी मान ताठ झाली. मग तोच म्हणाला, ते प्रयोग बंद पेट्यांमध्ये केलेले. २०१९ साली अशा प्रयोगांचा फेरहिशेब झाला तेव्हा निघालं की खऱ्या घरात दर चौरस मीटरला निदान दहा झाडं हवीत. आमचा ब्लॉक साडेचारशे चौरस फुटांचा. म्हणजे चारशेहून जास्त कुंड्या, आणि आम्ही दोघं जिन्यात.

हिचा शोध मात्र जास्त उपयोगाचा. ही लिली मुळी लिलीच नव्हे, अळूची चुलतबहीण आहे! अळू, सुरण, ही लिली, एकच खानदान. त्यांच्या पांढऱ्या फुलाला आपण फूल म्हणतो ते खरं एक पानच. खरी फुलं मधल्या कणसावर, बारीक बारीक. अळूसारखीच ही खाजरीही, आणि शिजवून खायची सोय नाही. हे कळल्यापासून माझं तिच्याशी जरा जमू लागलं. लिलीपुढे माणूस बिचकतो. अळूशी आपलं लहानपणापासूनचं नातं.

कुंड्या पॅसेजमधून पूर्वेच्या खिडकीशी आल्या. भरपूर उजेड, पण ऊन अंगावर नाही. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राशेजारी राहणाऱ्या आम्हा लोकांना क्लोरिनचा वास ओळखीचा. म्हणून पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून सकाळी द्यायचं, तेही बोटाचा कौल घेऊन. हे बोट घालणं सोपं वाटतं. पण हातात तांब्या असताना तो न ओतता परत नेणं मला फार जड गेलं. जानेवारी संपला, फेब्रुवारी संपला. चार पानं तशीच. ना मरत होती, ना वाढत होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी देठाच्या बेचक्यातून पोपटी टोक दिसलं. सुईएवढं. मी हिला हाक मारली ती इतक्या जोरात की ती गॅस बंद करून धावत आली. चार दिवसांत त्याची सुरळी झाली, आठवड्यानं उलगडली. इतकं कोवळं पान, की पुसायला फडकं घेतलं आणि परत ठेवलं. मग दुसऱ्या कुंडीत एक. उन्हाळा चढला तशी ती भराभर निघू लागली. आता खताचा अगदी पातळ हात दिला. कॅमेराही दुरुस्त झाला.

मेअखेरीस वरचे परत आले. झाड घ्यायला वहिनी येतील असं धरून मी लुंगीवर बसलो होतो, तर दारात ते स्वतः. ही बाजारात गेलेली. मी मोठी कुंडी पुढे केली. त्यांनी चष्मा वर सरकवून बोटानं पानं मोजली.

"अकरा," ते म्हणाले. "जाताना एकोणीस होती."

सात वर्षांत मला उद्देशून उच्चारलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. मी सगळं सांगून टाकलं. तांब्या, ताटली, वास, कात्री, मुंग्या. ते काहीच बोलले नाहीत. मग खिडकीतल्या दुसऱ्या कुंडीकडे बघून म्हणाले, "तीही आमचीच?"

"तुमचीच. न्या."

"राहू दे. तिला इथली सवय झालीय."

मी चहा ठेवला. त्यांना साखर किती हे मी विचारलं नाही. कुंडी मांडीवर घेऊन ते पॅसेजच्या तोंडाशी बसले होते. कप घेऊन आलो तेव्हा ते मान वर करून छताकडे बघत होते.

"बराच वाढलाय हो," ते म्हणाले.

"पावसाळ्यात आणखी वाढतो."

"पाऊस पंधरा दिवसांवर आला," ते म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.