पोहोचल्याचा निरोप

प्रवासाला निघणाऱ्या माणसाला आमच्या लहानपणी दोन वाक्ये हमखास ऐकावी लागत. एक, 'सांभाळून जा' आणि दुसरे, 'पोहोचलास की कळव.' पहिले पाळणे माणसाच्या हाती थोडेच असते. दुसऱ्यात मात्र हयगय खपत नसे. वसईतून आखातात नोकरीला गेलेल्या माणसाचे पत्र घरी यायला दोन-दोन आठवडे लागत आणि 'मी येथे सुखरूप पोहोचलो' ही पहिली ओळ वाचून झाली की उरलेल्या पत्राची कोणाला घाई नसे. पुढे नाक्यानाक्यावर एस.टी.डी.चे पिवळे फलक लागले. मोबाइल आले तेव्हा तर आपल्या लोकांनी बिनपैशाची तारच शोधून काढली: मुक्कामी पोहोचल्यावर घरी दोनदा घंटी वाजवायची आणि कोणी उचलण्यापूर्वी बंद करायची. या 'मिस्ड कॉल'चा शोध कोणत्याही प्रयोगशाळेत लागलेला नाही. तो गरजेने लावला.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आयफोनमधील एक सोय. मोबाइलचा सारा कारभार ज्या अंतर्गत प्रणालीवर चालतो, तिची नवी आवृत्ती कंपन्या दरवर्षी आणतात. ॲपल कंपनीने १८ सप्टेंबर २०२३ रोजी 'आयओएस १७' नावाची आवृत्ती आणली. तिच्यात नवलाई पुष्कळ होती. दोन फोन एकमेकांजवळ नेले की नंबरांची देवघेव व्हावी, चार्जिंगला लावलेला फोन आडवा ठेवला की त्याचे टेबलावरचे घड्याळ व्हावे, असे बरेच काही. (घड्याळासाठी एवढा महाग फोन कशाला, हा आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.) आम्हाला खरी कामाची वाटली ती 'चेक इन' ही सोय.

आमची लेक डब्लिन शहरात परिचारिका आहे. बारा तासांची पाळी रात्री आठला संपते आणि खोली पायी वीस मिनिटांवर. ती घरी पोहोचते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचा एक वाजलेला असतो, हिवाळ्यात दोन. तिने रोज एक ओळ लिहावी, एवढीच अपेक्षा होती. पण दिवसभर उभे राहून आलेले माणूस! एका रात्री ती गणवेशातच बिछान्यावर पडली आणि झोपी गेली. इकडे आम्ही उभयता पहाटे सहापर्यंत ओटीवर बसून होतो. सौ.च्या हातात जपमाळ आणि आमच्या हातात फोन. बोलायला शब्द नव्हते. सकाळी लेकीचा रडवेला आवाज आला, 'पप्पा, डोळा लागला हो.' रागावणार कोणावर?

त्यानंतर तिनेच ही सोय सुरू केली. वॉर्डातून निघताना संदेशांच्या जागी जाऊन ती मुक्कामाचे ठिकाण आणि 'पायी' एवढे नोंदवते. ती निघाल्याचे आणि अंदाजे केव्हा पोहोचेल याचे वर्तमान आमच्या फोनवर येते. ती दारात पोहोचली की फोन आपण होऊन तसे कळवतो आणि तेथेच त्याचे काम संपते. वाटेत फारच खोळंबा झाला तर तो आधी तिलाच विचारतो. तिला वेळ वाढवून घेता येते. पंधरा मिनिटांत तिने उत्तर दिले नाही तर मात्र ती कोठे आहे, फोनमध्ये वीज किती उरली आहे आणि नेटवर्कची स्थिती काय, हे तो आमच्यापुढे मांडतो. हा मजकूर वाटेत कोणाला, खुद्द कंपनीलाही, वाचता येत नाही.

अटी आहेत. दोन्ही बाजूंना याच कंपनीचा, या किंवा पुढच्या आवृत्तीचा फोन हवा. आमच्याकडे मेहुण्यांनी दिलेला 'आयफोन ८' होता. त्याला ही आवृत्ती मिळालीच नाही. २०१८ सालचे आणि त्यापुढचे फोनच तिला चालतात. शेवटी लेकीने दुसरा पाठवला. ज्यांच्या घरात एकाच कंपनीचे दोन फोन नाहीत, त्यांना मिस्ड कॉलवरच भागवावे लागणार. शिवाय नेटवर्क हवेच. २६ जुलै २००५ च्या महापुरात, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा, मोबाइल मुके झाले होते आणि माणसे घरी येईपर्यंत काही कळले नव्हते, हे वसईकरांना वेगळे सांगायला नको.

सौभाग्यवतींना मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. माणूस रात्रंदिवस कोठे आहे हे नकाशावर दाखवणारी निराळी सोयही फोनमध्ये असते. ती सुरू कर, असा त्यांचा आग्रह. लेक ठाम राहिली. 'मी घरी पोहोचले हे तुम्हाला कळलेच पाहिजे, ममी. मी कोणत्या दुकानात थांबले, हे कशाला?' आमचे मत लेकीच्या बाजूला पडले आणि त्याबद्दल दोन दिवस घरात अबोला सोसावा लागला. 'चेक इन'मध्येही अडचणीच्या वेळी किती सांगायचे, याचे दोन पर्याय असतात: मर्यादित आणि पूर्ण. 'पूर्ण'मध्ये चाललेली सारी वाट आणि फोन शेवटचा कोठे उघडला तेही दिसते. तिने 'मर्यादित' निवडले होते.

एकदा ती धोक्याची सूचना खरोखरच आली. नकाशावर एका दुकानाची जागा, वीज नऊ टक्के. सौ.चे हातपाय गळाले. तिसऱ्या फोनला लेकीने उत्तर दिले: सोबतीण भेटली, गप्पा लांबल्या, फोन पिशवीत मुका पडला होता. हसण्यावारी गेले, पण त्या दहा मिनिटांत आमच्या ध्यानात आले की संकट खरे असते तर साडेसात हजार किलोमीटरवरून आम्ही काय करणार होतो? तिथल्या पोलिसांचा आणीबाणीचा क्रमांक येथून लागत नाही. दुसऱ्याच दिवशी तिच्या खोलीवर राहणाऱ्या केरळच्या मुलीचा नंबर आम्ही मागून घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवला. ही सोय वापरणाऱ्या प्रत्येक आईबापाने तेवढे करावेच.

२०२५ च्या जुलैत डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ल्यांच्या बातम्या येऊ लागल्या. १ ऑगस्टला तिथल्या भारतीय दूतावासाने आपल्या नागरिकांना, निर्जन भागात, विशेषतः अवेळी जाणे टाळा, अशी सूचना काढली. रात्रपाळी आणि दिवसपाळी करणाऱ्या मुलींनी अवेळ कशी टाळावी, हे त्या सूचनेत नव्हते. असणार तरी कसे? आम्ही विचारले की लेक म्हणायची, 'आमच्या बाजूला काही नाही, पप्पा. आणि घरी येते तेव्हा लख्ख उजेड असतो.' तेही खरे होते. जुलैत तिकडे रात्री साडेनऊपर्यंत दिसते. आम्ही तिच्या शब्दावर विसंबलो. सौ. विसंबल्या नाहीत, पण गप्प राहिल्या.

नाताळला ती घरी आली. एका दुपारी सौ. करंज्या तळत होत्या आणि लेक आमच्या फोनमध्ये काही नीट करून देत होती. बोलता बोलता ती सहज म्हणाली की ऑगस्टपासूनच तिने 'मर्यादित' काढून 'पूर्ण' केले आहे. आम्हाला कळवायचे राहून गेले, म्हणे. सौ.नी झारा परातीत ठेवला. आता मागचे सारे बोलणे निघणार, असे आम्हाला वाटले.

'हल्ली तिकडे अंधार किती वाजता पडतो गं?' त्यांनी एवढेच विचारले.

'सव्वाचारला,' लेक म्हणाली.