पेलाभर रक्त

तीन किलो वजनाच्या नवजात अर्भकाच्या अंगात रक्त ते किती असणार? सुमारे २५० मिलिलिटर. आपल्या घरातील दुधाच्या पेल्याएवढे. मोठ्या माणसाचे रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या नळ्या भरावयासच त्यातील निम्म्याहून अधिक खर्ची पडावयाचे. म्हणून इतक्या लहान जीवाच्या बाबतीत डॉक्टर बहुधा पोटाच्या आतील पडद्याचाच गाळणीसारखा उपयोग करतात. पोटात बारीक नळी घालून द्रव सोडावयाचा आणि काही वेळाने रक्तातील अशुद्धीसह तो काढून घ्यावयाचा. हॉलंडात कोल्फ यांनी १९४३ साली मोठ्यांवर कृत्रिम मूत्रपिंडाचा प्रयोग केला. क्लाउदिओ रोंको यांचे, खास अर्भकांसाठी बांधलेले 'कार्पेदिएम' हे इटालियन यंत्र प्रथम वापरले गेले ते २०१३ साली. सत्तर वर्षे! आपल्या पंगतीत तरी मुलांची पाने अगोदर वाढतात.

पण यंत्र लहान झाले म्हणून प्रश्न लहान होत नाही. जन्मतः गुदमरलेल्या बाळाची मूत्रपिंडे काही दिवस रुसतात आणि पुष्कळदा पुन्हा कामाला लागतात. तेथे डायलिसिस म्हणजे ओढ्यावरचा साकव. तो पैशावाचून अडावा, ही मला शरमेची गोष्ट वाटते. परंतु ज्याची मूत्रपिंडे गर्भातच धड घडली नाहीत, त्याला पैलतीर म्हणजे मूत्रपिंडाचे रोपण, आणि त्यासाठी साधारणतः दहा किलो वजन होईतो थांबणे आले. तोवर रोज घरी डायलिसिस, बहुधा नळीवाटे दूध, आणि पोटात जंतुसंसर्ग होण्याचे भय अष्टौप्रहर.

नेरूळच्या आमच्या वसाहतीतील एका तरुण दांपत्यापुढे हा दुसरा प्रश्न एका संध्याकाळी उभा राहिला, व उत्तर सकाळपर्यंत हवे होते. त्यांनी 'नको' म्हटले. बाळ चार दिवस आईच्या कुशीत होते. पुढे समाचाराला आलेल्यांपैकी कित्येकांनी 'प्रयत्न तरी करावयाचा होता' असे ऐकविले. रोज रात्री ती नळी जोडावयास कोण जागले असते, हे मात्र एकानेही विचारले नाही. अशा बाळांविषयी खुद्द डॉक्टरांतही एकमत नसते. कोणी आग्रह धरतात, कोणी आईबापांवर सोडतात. मग आपण शेजाऱ्यांनी न्यायासनावर बसण्याची घाई का करावी?

ती बाई आता पुन्हा नोकरीवर जाते. स्टेशनावर गाठ पडली की आम्ही गाडीच्या उशिराविषयी बोलतो.